तुरुंगातून सुटून घरी आलेल्या पुरुषांचं कॅन्सर स्क्रीनिंग: सुरुवात कुठून करायची?

उंबरठा

सुटून आलेल्या पुरुषांना ओळखपत्र, निवारा, काम यांत मदत करणाऱ्या गटासाठी आरोग्याचं एक पानभर टिपण तयार करायचं आहे. बहुतेक जण ४५ ते ६५ वयाचे आणि पाच-दहा वर्षं आत काढलेले. तंबाखू जवळपास सगळ्यांनाच. काहींनी पूर्वी सुईने नशा केलेली.

कुठल्या कॅन्सरची तपासणी खरंच उपयोगाची आणि कुठली नुसती धावपळ? सुटकेच्या दिवशीच हातात शौचाच्या चाचणीचं किट द्यावं का? आतल्या तपासण्यांचे कागद कसे मिळवायचे? आणि चाचणी झाल्यावरही माणूस मध्येच गळतो, तो नेमका कुठे गळतो?

‘सगळ्यांची संपूर्ण शरीर तपासणी करून टाका’ हे उत्तर कृपया नको, ते बरेचदा ऐकून झालंय.

---

नाडीपरीक्षा

शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकी सगळं त्याच्यावरच टेकलेलं आहे. पहिली चाचणी करून घेणं त्या मानाने सोपं असतं. गळती होते ती निकाल हातात पडण्यापूर्वी आणि निकाल वाईट आल्यावर पक्की तपासणी होण्यापूर्वी. तोवर पत्ता बदललेला असतो, फोन बंद असतो, कामावरून सुट्टी मिळत नाही. म्हणून माझा नियम कडक आहे: निकाल कोण सांगणार आणि पुढची तारीख कुठून मिळणार हे ठरलेलं नसेल, तर पहिली चाचणीही करू नका. नुसता ‘पॉझिटिव्ह’ असा कागद देऊन माणसाला वाऱ्यावर सोडण्यात काही अर्थ नाही.

दुसरं, लक्षण असेल तर ते स्क्रीनिंग राहत नाही. शौचातून दिसणारं रक्त, खोकल्यातून रक्त, तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, गिळताना अडकणं, कारण नसताना घटलेलं वजन, लघवीतून रक्त, अंडकोषातली गाठ, यांपैकी काहीही असेल तर थेट डॉक्टर. अशा माणसाला शौचाच्या चाचणीचं किट दिलं आणि ती निगेटिव्ह आली, तर खोटा दिलासा मिळून सहा महिने जातात. आत असताना तक्रार केली की ‘नाटक करतोय’ असं ऐकून घ्यावं लागलेले लोक स्वतःहून लक्षण सांगत नाहीत. एकेक नाव घेऊन विचारा.

आता कुठल्या तपासण्या ते. पुरुषांमध्ये मोठं आतडं आणि (तंबाखूवाल्यांसाठी) फुप्फुस यांच्या स्क्रीनिंगचा पुरावा भक्कम आहे. यकृताचं फक्त सिऱ्होसिस (व्रण साचून यकृत कडक होणं) किंवा हिपॅटायटिस बी असलेल्यांना. तोंडाची तपासणी तंबाखू आणि दारूवाल्यांना: केरळमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली आले, त्यात नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासून या गटातले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. पाच मिनिटांचं काम आहे, पहिल्याच भेटीत उरका. प्रोस्टेटचा निर्णय ज्याचा त्याने समजून घ्यायचा. स्वादुपिंड, मेंदू, ‘ट्यूमर मार्करचं पॅकेज’ यातलं काही नको.

तुरुंगात राहिला म्हणून वयाची अट खाली आणायची का, असं बरेच जण विचारतात. नुसत्या तुरुंगवासामुळे कुठलीही मार्गदर्शक तत्त्वं वय बदलत नाहीत. बदलतात ती तंबाखू, हिपॅटायटिस, एचआयव्ही आणि घरातला इतिहास यांमुळे, आणि यातले पहिले तीन या गटात जास्त सापडतात.

---

काचपट्टी

किटबद्दल प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो.

शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी जी नवी चाचणी आहे (एफआयटी), ती मानवी हिमोग्लोबिनच ओळखते. त्यामुळे जुन्या ग्वायाक चाचणीसारखं आधी मांस बंद, अमुक भाजी बंद असलं पथ्य लागत नाही. एकच नमुना पुरतो. अमेरिकेत ४५ ते ७५ वयात दर वर्षी, इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी, असे वेगवेगळे नियम आहेत. पॉझिटिव्ह ठरवायची मर्यादाही देशोदेशी वेगळी आहे, तेव्हा दोन ठिकाणच्या निकालांची तुलना करत बसू नका.

नमुने बाद होतात ते फार साध्या कारणांनी. बाटलीवर तारीख नसते. नाव फॉर्मवर एक आणि बाटलीवर दुसरं. किटची मुदत संपलेली. काडीने एकाच जागचा गोळा उचललेला. खरं तर पृष्ठभागावर चार-सहा ठिकाणी खरवडायचं असतं आणि काडीच्या खाचा भरल्या की थांबायचं. जास्त भरलं तर आतला द्रव आणि शौच यांचं प्रमाण बिघडतं. शौच पाण्यात पडण्याआधी कागदावर किंवा स्वच्छ डब्यात घ्यायचं, लघवी मिसळू द्यायची नाही.

सगळ्यात मोठा शत्रू उष्णता आणि उशीर. हिमोग्लोबिन उन्हात तुटतं आणि असलेलं रक्तही ‘नाही’ दिसतं. नमुना चार दिवस गरम खोलीत पिशवीत पडून राहिला, तर निगेटिव्ह निकालावर माझा विश्वास नाही. किटवर जितके दिवस लिहिलेत तितक्याच दिवसांत, शक्यतो दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत.

आणि कृपा करून पॉझिटिव्ह आल्यावर ‘खात्रीसाठी परत एकदा’ एफआयटी करू नका. दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली पुसली जात नाही. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच (दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं). ती सहा महिन्यांच्या आत व्हावी. दहा महिन्यांपलीकडे गेलेल्यांमध्ये कॅन्सर, आणि तोही पुढच्या टप्प्यातला, जास्त सापडल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

सुटकेच्या दिवशी किट द्यायला माझी हरकत नाही. न देण्यापेक्षा बरं.

---

मागचा_बाक

@काचपट्टी, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांशी मी सहमत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत माणूस आधी जिवंत राहायला हवा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता आणि त्यात सर्वांत पुढे नशेचा अतिडोस. आत असताना सवय तुटलेली असते, बाहेर येऊन जुनाच डोस घेतला की श्वास थांबतो. त्या पंधरवड्यात रक्तदाब, साखर, एचआयव्ही, झटके, मानसिक आजार यांची चालू औषधं तुटू न देणं आणि नशेवरचे उपचार सुरू ठेवणं, एवढंच करा. त्या दिवशी दिलेलं किट पिशवीच्या तळाशी जातं.

किट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात द्यावं, तेही केंद्रावरच्या स्वच्छतागृहात नमुना घेण्याची सोय ठेवून. निवाऱ्यात वीस जणांत एक शौचालय असेल, तर तिथे बसून शांतपणे खरवडणं जमत नाही. पत्ता कुठला लिहायचा हा प्रश्नही मिटतो, नमुना तुमच्याकडूनच जातो.

याला अपवाद एकच. फक्त एकदाच भेटणारा, दुसऱ्या गावी जाणारा माणूस असेल तर जो क्षण मिळतोय तो घ्या, पण निकाल तिथल्या कुठल्या दवाखान्यात जाईल ते लिहूनच किट द्या.

कागदपत्रांचं: संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांमध्ये नियम २४ सांगतो की बंद्यांना समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळावी आणि उपचारांत खंड पडू नये. नियम २६ म्हणतो की प्रत्येकाची वैद्यकीय नोंद ठेवावी, ती गोपनीय असावी आणि मागितल्यास त्याला बघता यावी. हा कायदा नव्हे, किमान मानक आहे; पण अर्जात उल्लेख केला की कारकून जरा गंभीरपणे घेतो.

अर्ज सुटकेच्या दोन-तीन महिने आधी, माणूस आत असतानाच सहीसह द्या. बाहेर आल्यावर तीच सही घ्यायला फेऱ्या पडतात. ‘सगळी फाइल द्या’ असं लिहिलं तर तीनशे पानं येतात आणि त्यात हवं ते नसतं. मोजकं मागा: आजारांची यादी, चालू औषधं, शेवटचे रक्ताचे अहवाल तारखांसह, हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचे निकाल, एक्स-रे किंवा सीटीचे अहवाल आणि सीडी, बायोप्सीचे अहवाल, लसी, आणि जे सगळे विसरतात ते म्हणजे *न झालेल्या* तपासण्या. डॉक्टरने लिहून दिली पण नेणारा बंदोबस्त मिळाला नाही म्हणून राहिलेली तपासणी हीच बहुतेकदा सर्वांत महत्त्वाची निघते.

बाहेरच्या रुग्णालयात नेलं असेल तर मूळ अहवाल तुरुंगात नसतात, त्या रुग्णालयातच असतात. तिथे नोंद कधी बंदी क्रमांकावर, कधी टोपणनावावर, कधी चुकीच्या जन्मतारखेवर असते. अर्जात सगळी नावं, सगळे क्रमांक, नेल्याचा अंदाजे महिना लिहा. ‘अशी नोंद नाही’ या उत्तरावर थांबू नका, स्पेलिंग बदलून परत शोधायला सांगा.

---

नाडीपरीक्षा

किटच्या वेळेबाबत @मागचा_बाक यांचं म्हणणं मला पटतं. फुप्फुस आणि यकृत राहिलं होतं.

फुप्फुस. कमी मात्रेचा सीटी स्कॅन. उपाशी राहणं नाही, शिरेतून औषध नाही, यंत्रावर काही मिनिटं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २०११) फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीत (२०२०) पुरुषांमध्ये दहा वर्षांत २४ टक्क्यांनी. साधा छातीचा एक्स-रे याला पर्याय नाही, त्याने मृत्यू घटत नाहीत हेही २०११ मध्येच दिसलं. ‘आत घेताना एक्स-रे काढला होता, सगळं साफ होतं’ असं माणूस सांगतो तो क्षयासाठी काढलेला असतो.

कोणाला करायचा? अमेरिकेचा २०२१ चा निकष: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षं, आणि आजही ओढतो किंवा सोडून १५ वर्षांच्या आत. पॅक-वर्षं म्हणजे रोजची पाकिटं गुणिले वर्षं, पाकीट २० सिगारेटींचं. रोज १० सिगारेटी ३० वर्षं म्हणजे अर्धं गुणिले ३०, १५ पॅक-वर्षं, अजून निकषात नाही. हाताने वळलेल्या असतील तर नगावर मोजा.

इथेच हिशेब चुकतो. ज्या तुरुंगात धूम्रपानाला बंदी आहे तिथे आठ वर्षं काढून आलेला माणूस ‘मी ओढत नाही’ म्हणतो आणि फॉर्मवर ‘नाही’ची खूण पडते. विचारायचं असं: आयुष्यात कधी ओढली का, अटकेपूर्वी रोज किती, आत मिळत होती का, बाहेर आल्यावर एक तरी ओढली का. आठ वर्षं बंद असली तरी आधीची पॅक-वर्षं जात नाहीत. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तर २०२३ मध्ये ती १५ वर्षांची अट काढूनच टाकली.

धोक्याची बाजूही सांगा. २०११ च्या चाचणीत दर फेरीला सुमारे चारातल्या एकाच्या स्कॅनमध्ये काहीतरी सापडलं आणि त्यातलं ९६ टक्के कॅन्सर नव्हतं. आताच्या वर्गीकरणात हे प्रमाण बरंच कमी झालंय. पण तुरुंगात क्षयाचं प्रमाण बाहेरपेक्षा अनेक पट असतं आणि जुन्या क्षयाचे व्रण गाठीसारखे दिसतात. जुना एक्स-रे किंवा सीडी सोबत असेल तर ‘हा डाग पाच वर्षांपूर्वीही एवढाच होता’ असं म्हणता येतं आणि सुई टोचणं टळतं. वरच्या यादीतली सीडी त्यासाठीच. डाग लहान असेल तर तीन किंवा सहा महिन्यांनी परत स्कॅन सांगतात. नेमक्या त्याच काळात पत्ता बदलतो. ती तारीख तुमच्या वहीत हवी, त्याच्या फोनमध्ये असून भागत नाही.

यकृत. इथे कॅन्सर शोधण्याआधी तो टाळता येतो, म्हणून मी याला सर्वांत वर ठेवतो. सुईने नशा केलेली असो वा नसो, प्रत्येकाची हिपॅटायटिस सी अँटिबॉडी एकदा करा. पॉझिटिव्ह आली तर आरएनए. पूर्वी उपचार झाला असला तरी अँटिबॉडी जन्मभर पॉझिटिव्ह राहते; विषाणू आहे की नाही ते आरएनएच सांगतं. असेल तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त जण बरे होतात.

त्याच वेळी एफआयबी-४ काढा (यकृत किती कडक झालंय याचा रक्ताच्या अहवालावरून अंदाज; एएसटी आणि एएलटी हे त्यातले यकृताचे आकडे). वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ), प्लेटलेट हजारांत. उदाहरणार्थ वय ५२, एएसटी ८०, एएलटी ६४, प्लेटलेट १३० हजार: ५२ × ८० = ४१६०; १३० × ८ = १०४०; उत्तर ४. हिपॅटायटिस सीमध्ये १.४५ च्या खाली असेल तर यकृत कडक झालेलं असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असेल तर जास्त. असा माणूस यकृताच्या डॉक्टरकडे. सिऱ्होसिस ठरला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, *विषाणू गेल्यावरही*. ‘बरा झालो’ म्हणून इथेच बरेच जण येणं बंद करतात. हिपॅटायटिस बीचं नुसतं वाहकपण असेल तरी वय आणि घरातला इतिहास बघून सोनोग्राफी लागू शकते. आणि ज्याला बी झालेला नाही त्याला लस द्या.

---

उंबरठा

फार उपयोगी माहिती. अजून दोन अडचणी. एक, निवाऱ्यात राहणाऱ्याला कोलोनोस्कोपीची तयारी कशी करायची? दोन, काहींवर पॅरोलच्या अटी आहेत, लघवीची नशा-चाचणी होते, एक-दोघांच्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा आहे.

---

मागचा_बाक

दोन्ही एकमेकांत अडकलेलं आहे, एकत्रच घेतो.

तयारी म्हणजे आदल्या दिवशी हलकं-पातळ खाणं, मग जुलाबाचं औषध दोन भागांत: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीआधी चार ते सहा तास, आणि दोन तास आधी पिणं पूर्ण बंद. सकाळी आठची वेळ असेल तर दुसरा भाग पहाटे दोन-तीनला येतो. निवाऱ्यात ते अशक्य, शिवाय रात्री बाहेर पडायला बंदी असेल तर दुहेरी पंचाईत. म्हणून वेळ दुपारची मागा. दुसरा भाग सकाळी केंद्रावर येऊन घेता येतो. स्वतंत्र शौचालय किमान आठ-दहा तास लागेल. ते कुठेच नसेल तर रुग्णालयाला आदल्या रात्री भरती करून घ्यायला सांगा. कारण लिहून दिलं तर पुष्कळदा मान्य होतं.

लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी बंद, रक्त पातळ करणारी औषधं डॉक्टरांना विचारूनच. मेथाडोनवर (नशा सोडवण्याच्या उपचारातलं औषध) असलेल्याचा डोस चुकवू नका, पण आधीच कळवा: मेथाडोनने बद्धकोष्ठता असते, नेहमीच्या मात्रेत आतडं साफ होत नाही आणि सगळं परत करावं लागतं. त्याला जास्त दिवसांची तयारी लागते.

भूल दिली तर घरी न्यायला मोठं माणूस लागतं, नसेल तर तपासणी रद्द होते. रद्द होण्याचं हे फार नेहमीचं कारण. पर्याय दोन: तुमच्या गटातलं कोणी जाणं, किंवा भूल न घेता तपासणी. भुलीशिवाय होते, थोडी त्रासदायक असते, पण माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो.

लघवीची चाचणी: भुलीसाठी बहुधा मिडाझोलाम आणि फेंटानिल वापरतात. पहिलं बेंझोडायझेपिनच्या, दुसरं फेंटानिलच्या चाचणीत दिसू शकतं. म्हणजे माणूस कॅन्सरची तपासणी करून येतो आणि अट मोडल्याचा ठपका घेतो. रुग्णालयाकडून त्याच दिवशी औषधांची नावं, मात्रा, वेळ असलेलं पत्र घ्या आणि तपासणीच्या *आधीच* देखरेख अधिकाऱ्याला तारीख लेखी कळवा. त्या पत्रात निदान काय, कशासाठी तपासणी, हे लिहायची गरज नाही.

पायाचा पट्टा: सोनोग्राफी आणि सीटीला अडत नाही. एमआरआयला तो चालत नाही, काढावाच लागतो, आणि काढायची परवानगी वेळखाऊ असते. कोलोनोस्कोपीत पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचा कोंब) काढताना विजेचा चटका वापरतात, तेव्हा पट्ट्याबद्दल विभागाला तारीख घेतानाच सांगा. टेबलावर गेल्यावर सांगितलं की परत पाठवतात.

---

काचपट्टी

पीएसएबद्दल (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची रक्तचाचणी) कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ५५ ते ६९ वयात, फायदा-तोटा समजावून, त्याची इच्छा असेल तर. वडील किंवा भावाला झाला असेल किंवा आफ्रिकी वंशाचा असेल तर ही चर्चा चाळिशीतच. लघवीचा जंतुसंसर्ग चालू असेल तर पीएसए वाढतो, बरं झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी घ्या. आधीचे ४८ तास वीर्यस्खलन आणि सायकलची मोठी रपेट टाळा. फिनास्टेराइड चालू असेल (केसांसाठीची कमी मात्रासुद्धा) तर आकडा साधारण निम्मा दिसतो, फॉर्मवर लिहाच. थोडा वाढलेला आला तर आधी तोच परत, मग एमआरआय, मग बायोप्सी. पट्टा असेल तर एमआरआयची अडचण वर आलीच आहे.

---

नाडीपरीक्षा

एक गोष्ट टिपणात घाला, बहुतेक ठिकाणी ती नसते. आत असताना झडत्या आणि काहींवर झालेले लैंगिक अत्याचार यांमुळे गुदद्वाराशी संबंधित कुठलीही तपासणी अनेकांना नकोशी असते, आणि कारण ते सांगत नाहीत. ‘येतो’ म्हणतात आणि येत नाहीत. त्याला बेफिकिरी समजू नका. आधीच सांगा: कोण खोलीत असेल, काय घालायला मिळेल, ‘थांबा’ म्हटलं की थांबतील. प्रोस्टेटच्या स्क्रीनिंगसाठी बोटाची तपासणी सक्तीची नाही, रक्ताने सुरुवात होते. आतड्यासाठी एफआयटी आधी, दुर्बीण गरज पडली तरच.

एचआयव्ही असलेल्या पुरुषांना गुदद्वाराच्या कॅन्सरची वेगळी तपासणी असते (पुरुषांशी संबंध असलेल्यांना ३५ पासून, इतरांना ४५ पासून). २०२२ च्या अँकर चाचणीत कॅन्सरपूर्व बदलांवर उपचार केल्याने तो कॅन्सर ५७ टक्क्यांनी घटला. पण हे फक्त पुढची तपासणी करणारं केंद्र हाताशी असेल तरच. स्वॅब (काडीने घ्यायचा नमुना) काही ठिकाणी स्वतःच घेऊ देतात, ते विचारून बघा.

---

उंबरठा

समजलं. निकाल कळवण्यासाठी काय घेऊन ठेवायचं? एक फोन नंबर पुरत नाही हे उघड आहे.

---

मागचा_बाक

किमान तीन संपर्क: त्याचा स्वतःचा, ज्याच्याकडे तो आठवड्यातून एकदा तरी जातो त्याचा, आणि जो नंबर वर्षानुवर्षं बदललेला नाही असा (बहुधा आई किंवा बहीण). प्रत्येकापुढे लिहा, ‘फक्त फोन कर एवढंच सांगायचं’ की ‘निकाल सांगितला तरी चालेल’, आणि त्याची सही घ्या. घरच्यांना तुरुंगवास माहीत असतो, हिपॅटायटिस माहीत असेलच असं नाही. निरोपात आजाराचं, संस्थेचं नाव नको. ‘तुमचा कागद तयार आहे, मंगळवारी ११ ते ४ या वेळेत या’ एवढं पुरे.

निगेटिव्ह निकालही कळवा. नाहीतर ‘काही आलं नाही म्हणजे ठीक असेल’ अशी सवय लागते आणि पुढच्या वेळी हरवलेला पॉझिटिव्ह कागदही ठीकच समजला जातो. वहीत चाचणीच्या तारखेपुढे दोन रिकामे रकाने ठेवा: ‘निकाल सांगितला, तारीख’ आणि ‘पुढची तपासणी, तारीख’. दर शुक्रवारी ज्यांचा पहिला रकाना चौदा दिवसांहून जास्त रिकामा आहे, त्यांना फोन.